साडूचं डुक्कर आणि बापूची दुनळी

माझ्या साडूंनी उंब्रजच्या उसात एक रानडुक्कर मारलं आणि ते पुढची चार वर्षं साताऱ्याला आमच्या घरी राहिलं.

म्हणजे जातीनं नव्हे! डुक्कर त्यांनी तिथल्या तिथं वाटून खाल्लं. पण त्याची गोष्ट मात्र नाना दर सणाला बरोबर घेऊन यायचे. (नाना म्हणजे हे साडू. गुळाचे व्यापारी. दारातून आत येताना थोडे तिरके व्हायचे, एवढा देह.) पहिल्या दिवाळीला ते डुक्कर वासराएवढं होतं. संक्रांतीपर्यंत त्याचा रेडा झाला. पाडव्याला नाना म्हणाले, "मास्तर, सुळे म्हणजे कसे? हे असे!" आणि त्यांनी दोन्ही हात पसरले तेव्हा आमच्या फळीवरचा पोह्यांचा डबा खाली आला.

मी शाळेत भूगोल शिकवत होतो. आफ्रिकेतले सिंह नकाशावर छडीनं दाखवायचे, एवढाच माझा जंगली जनावरांशी संबंध. नानांची गोष्ट ऐकताना इंदू, म्हणजे आमची ही, तव्यावरची भाकरी करपू द्यायची. चौदा वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्यावर तिनं एक भाकरी कधी करपवली नव्हती!

त्यात अक्कानं, म्हणजे इंदूच्या थोरल्या बहिणीनं, त्या डुकराचे सुळे चांदीत मढवून माजघरात टांगले. ते बघून आल्यावर इंदू दोन दिवस आमच्या भिंती न्याहाळत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली,

"अहो, आपल्या भिंतीवर काय आहे?"

"जगाचा नकाशा आहे की!"

"त्यात तुमचं काय आहे?"

झालं! त्याच क्षणी मी शिकारी व्हायचं ठरवलं.

ठरवायला माझं काय जात होतं? बंदूक नव्हती. पण माझा शाळासोबती बापू सांगलीला हळदीचा व्यापार करत होता आणि त्याच्याकडे वडिलांच्या मागं राहिलेली दुनळी बंदूक होती. वडील मोठे नेमबाज. त्यामुळे बापूही नेमबाज असणार, असं सगळी सांगली धरून चालली होती. बापूनंही कधी कुणाचा गैरसमज मोडला नव्हता.

"दिवाळी झाली की जाऊ," हे आमचं ठरलेलं. दिवाळ्या होत होत्या. एका वर्षी बापूच्या बहिणीचं बाळंतपण आलं. दुसऱ्या वर्षी त्याला पडसं झालं. तिसऱ्या वर्षी मुहूर्त मिळेना (डुकराचं लग्न होतं का काय, देव जाणे). चौथ्या वर्षी त्याचं कार्ड आलं, "सध्या हळद ओली आहे." हळद ओली असली तर डुक्कर का मारता येत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

शेवटी मी स्वतःच सांगलीला निघालो. ते लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. म्हणजे तिकीट सबंध वाटेचं, पण निम्मी वाट मोटारीनं मला नेलं आणि निम्मी वाट मोटारीला मी नेलं! बापूच्या दुकानात पोचलो तेव्हा तोंड काळं झालेलं होतं. आत शिरल्याबरोबर त्यावर हळद बसली.

"अरं ये, ये! हे काय सोंग?" बापू म्हणाला.

"सोंग राहू दे. या शनिवारी शिकारीला येतोयस का नाही, तेवढं सांग."

"शनिवारी? शनिवारी लोखंड हातात घेऊ नये म्हणत्यात गड्या."

"मग रविवारी."

"रविवारी बाजार."

"सोमवारी?"

"सोमवारी उपास!" बापू कळवळून म्हणाला. "आणि आमचा बंदुकीचा परवाना सांगली संस्थानचा. तुमच्या इंग्रजी हद्दीत चालंल का? शिवाय मी म्हणतो, त्या डुकरानं आपलं काय वाकडं केलंय रं?"

"तुझं केलं नसेल! माझं चार वर्षं करतंय!"

मी त्याला मर्दुमकीची आठवण करून दिली. वडिलांचं नाव घेतलं. मैत्रीची शपथ घातली. बापू नुसता हळकुंड नखानं खरवडत बसला. शेवटी मी सुस्कारा टाकून म्हणालो, "जाऊ दे. नशीब एकेकाचं. आमच्या मेहुणीच्या घरी चांदीत मढवलेले सुळे टांगलेत. पाहुणा आला की आधी त्याला ते दाखवतात, मग पाणी."

आतल्या दाराचा पडदा हलला. सुशीलावहिनी, म्हणजे बापूची बायको, बाहेर आल्या.

"चांदीत?" त्यांनी विचारलं.

"अस्सल!"

वहिनींनी बापूकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. मग म्हणाल्या, "भावजी, हे येतील. रविवारचा बाजार मी बघते."

बाईमाणसाच्या मत्सरात काय ताकद असते! (पुरुषमाणसाचा असतो तो स्वाभिमान. मी त्या वेळी असंच समजत होतो.)

बापू घामाघूम झाला. मला एका बाजूला घेऊन त्यानं दोन अटी घातल्या. "एक, बंदूक तू चालवायची. माझा खांदा दुखतो."

"बेशक!" मी म्हणालो. मी आयुष्यात शाळेच्या संमेलनातली लाकडी बंदूकसुद्धा उलटी धरली होती. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"दोन, कुणीतरी जाणता माणूस संगं पायजे. तुझा तो साडू बोलव. त्यो आला तर मी आलो, न्हाई तर न्हाई."

ज्याच्या नाकावर टिच्चून शिकार करायची, त्यालाच हात जोडून बोलवायचं! सबंध परतीच्या प्रवासात मोटार ढकलत मी विचार केला. घरी येऊन नानांना पत्र लिहिलं. 'आपल्या मार्गदर्शनाची' हे शब्द लिहिताना टाक दोनदा मोडला.

उलट टपाली उत्तर आलं. नानांना तर आनंदाचं भरतं आलं होतं! त्यांनी डोंगराकडच्या एका वाडीत हाकेवाले, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवणारे गडी, ठरवले, बंदुकीसाठी कचेरीतून परवानगीचा कागद आणला, दोन बैलगाड्या काढल्या. एका गाडीत अक्का, इंदू आणि सुशीलावहिनी, मसाल्याचे डबे आणि दोन मोठी पातेली. दुसऱ्या गाडीत आम्ही आणि कराडहून आणलेला एक फोटोग्राफर.

"फोटोग्राफर कशाला?" मी विचारलं.

"मास्तर, डुक्कर पडल्यावर फोटो नको?" नाना माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. मी गाडीतून पडता पडता वाचलो. बापूची दुनळी त्यांनी हातात घेतली, नळीतून आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "काय चीज आहे! बापूराव, तुमच्या वडिलांचं नाव आम्ही ऐकून आहोत हं."

बापू लाजला. चार वर्षं मी त्याच्या मागं होतो, पण माझ्यापुढं तो कधी असा लाजला नव्हता.

वाडीत हाकेवाल्यांचा म्होरक्या शिरपा भेटला. नाना जागा बघायला पुढं गेले तसं मी त्याला हळूच गाठलं. खरं सांगतो, चार वर्षं माझ्या मनात एक गोड संशय होता. ते डुक्कर विहिरीत पडून मेलेलं असावं, किंवा म्हातारपणानं.

"काय रे शिरपा, नानांनी खरंच मारलं होतं का ते डुक्कर?"

"आवं, मी व्हतो की तितं हाक्याला!" शिरपाचे डोळे चमकले. "लय मोटं! हत्तीचं पिल्लूच म्हना की! आंगावर धावून आलं, पर पावनं जाग्यावरनं हाललं न्हाईत. येका गोळीत आडवं! ह्ये सुळं!"

त्यानं नानांपेक्षाही लांब हात पसरले.

नानांनी ओढ्याकाठी दोन जागा नेमल्या. एका आंब्यावर फांद्यांची माची बांधली होती, तिथं मी आणि बापू. समोरच्या टेकाडावर आपली बंदूक घेऊन नाना. "पहिला मान तुमचा, मास्तर! तुमच्याकडून चुकलंच तर मी आहे." हे 'चुकलंच तर' त्यांनी इंदूच्या देखत म्हणायला नको होतं.

शिडी लावून आम्ही वर चढलो. पलीकडच्या अंगानं हाका सुरू झाला. डबे, थाळ्या, आरोळ्या! बापूनं काडतुसं भरून दुनळी माझ्या हातात दिली. मी ती पोटाशी कवटाळून बसलो.

"थंडी वाजतीया?"

"बापू," मी म्हणालो, "मला बंदूक चालवता येत नाही."

बापूचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला. "अरं, मग मला कुटं येतीया?"

"म्हणजे? तुझा खांदा..."

"खांद्याला काय धाड भरलीया! बारा वर्साचा असताना बाबांनी एकदा बंदूक हातात दिली. मी रडलो. समोर ससा हुता रं, कान हालवत बसलेला. बाबांनी बंदूक काढून घेतली आन् पुन्हा कधी दिली न्हाई. बोललं पन न्हाईत काय. म्हनून दर साली सबबी सांगत हुतो. आता तुला काय सांगू?"

मला एकदम वाईट वाटलं. चार वर्षं मी या माणसाला भित्रा, लबाड, हळद्या म्हणत होतो! त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी दोन चांगले शब्द बोलणार, एवढ्यात खालची करवंदीची जाळी फाटली आणि डुक्कर बाहेर आलं.

ते वासराएवढं नव्हतं. रेड्याएवढं तर नव्हतंच. पण माणसाच्या छातीत धडकी भरवायला जेवढं लागतं तेवढं पुरेपूर होतं! ते थेट आमच्याच झाडाखाली येऊन थांबलं आणि त्यानं वर पाहिलं.

"मार!" बापू म्हणाला.

"कुठं दाबायचं?"

"मला काय इचारतोस? आन इकडं!"

"नको, थांब!"

त्यानं नळी ओढली, मी दस्ता ओढला. मी घाबरून सोडला आणि बापूनं घाबरून धरला, तशी नळी खाली कलली आणि त्याची बोटं चापांवर पडली. धडाम्! दोन्ही बार एकदम उडाले. बापू माचीवर उताणा. मी मात्र माचीच्या कडेला होतो. आंब्याच्या दोन फांद्यांनी मला मधे थोपवायचा प्रयत्न केला, तिसरीनं धोतर ठेवून घेतलं आणि मी खाली, त्याच डुकरावर!

नशीब, ते मेलेलं होतं. मला ते कळायला जरा वेळ लागला. तोवर मी त्याच्या गळ्यात हात टाकून, डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो.

डोळे उघडले तेव्हा भोवती हाकेवाले, तिन्ही बाया, सगळे जमलेले. अक्कानं पदर तोंडात कोंबलेला. इंदूनं मला पांघरायला घोंगडी दिली आणि पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. रडत असावी असं मी मनाशी ठरवलं.

नाना टेकाडावरून धावत आले. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं! बापूला त्यांनी उचलूनच खाली घेतलं आणि कडकडून मिठी मारली.

"वा बापूराव! सरळ खाली तोंड करून बार? वडिलांपेक्षा वरचढ निघालात!"

मला वाटलं, आता बापू सांगेल. दोघांचा हात होता म्हणेल. बापूनं माझ्याकडे एकदा पाहिलं. सुशीलावहिनींकडे पाहिलं. मग मिशीवर पालथी मूठ फिरवत म्हणाला, "हॅ! त्यात काय? रक्तातच असतंय ते!"

चार वर्षं मी पटवलेला माझा दोस्त, साडूंनी एका मिठीत नेला. जेवायला दोघं एका ताटात बसले. पुढच्या शिकारीचा बेत ठरला, तोही माझ्यादेखत. "वाघरू बघू आता," बापू म्हणत होता. इंदूनं त्याला आग्रह करकरून वाढलं. मी कमरेला हळदीचा लेप लावून एका कुशीवर जेवत होतो. लेप बापूच्याच दुकानातल्या हळदीचा.

फोटो मात्र जेवणाआधी, डुक्कर अख्खं असतानाच काढला होता. मधे डुक्कर. त्याच्या पाठीवर पाय दिलेला बापू. शेजारी बंदूक टेकून नाना. मी घोंगडी सावरत नानांच्या बाजूला उभा राहू लागलो, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "जनावराची मान पडतीया! कुणीतरी पाठीमागं बसून मुंडकं वर धरा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तो फोटो इंदूनं मोठा करून आमच्या भिंतीवर लावला. येणारा-जाणारा निरखून पाहतो. हे कोण, हे कोण, असं विचारतो आणि शेवटी म्हणतो, "पण मास्तर कुठं दिसत नाहीत यात?"

त्यावर इंदू मोठ्या अभिमानानं जवळ जाते, बोट ठेवते आणि सांगते, "हे काय, डुकराचे दोन कान धरलेत ना? ते आमचे!"