मांजरीचं माहेरपण

मी सासरी गेले तेव्हा माझी पाठराखीण एक मांजर होती. नवी नवरी पहिल्या खेपेला निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी बाई जाते, चार दिवस राहून तिला धीर देते आणि परत येते. माझ्याबरोबर आत्या यायची होती. तिला ऐन हळदीच्या दिवशी हिवताप भरला आणि घरातल्या बाकीच्या बायकांत 'तू जा, तू जा' सुरू झालं. माझ्या नाकावर पहिल्यापासून राग. म्हटलं, कुणी येऊ नका, मी माझी मांजर घेऊन जाते. एरवी वडिलांनी मला तिथंच गप्प केलं असतं, पण त्या दिवशी त्यांचं काळीज पातळ झालेलं. ते म्हणाले, "नेऊ दे तिला." आता मी बोलून बसले होते, माघार कशी घ्यायची? अशी ती पुणतांब्याची करडी मांजर झाकणाच्या टोपलीत बसून मिरजगावला नांदायला आली.

टोपलीवर नवं फडकं बांधलेलं बघून सासरच्या बायकांना वाटलं, आत करंज्या असणार. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. ते पायानं लवंडून मी आत जायचं, अशी रीत. तेवढ्यात एका नणंदेला धीर निघेना, तिनं फडक्याची गाठ सोडली. मांजर उडी मारून बाहेर आली, मापावर आदळली आणि तांदूळ सांडत थेट चुलीमागं जाऊन बसली. मला लवंडायला माप उरलं नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी सांडलेल्या तांदळाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "सून तर गेली आत," त्या म्हणाल्या. "आता ही कोण उभी हाय, तिलाबी घ्या."

घर धान्याच्या व्यापाराचं. पुढल्या खोलीत ज्वारी-बाजरीच्या पोत्यांची थप्पी, आणि पोती तिथं उंदीर. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की माझी मांजर आली, आता एक उंदीर दिसायचा नाही. तिसऱ्याच दिवशी एक मातबर उंदीर पोत्यामागून निघाला आणि सावकाश खोली ओलांडून गेला. मांजर माझ्या खांद्यावर चढून पदरात तोंड घालून बसली. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. सुपातली नजर वर न करता म्हणाल्या, "हिला उंदरानं खाल्लं न्हाई म्हंजी मिळवलं."

आता माझ्याबद्दल. पाठवणीच्या वेळी आमच्या आळीतल्या सगळ्या मुली रडतात. मी रडले नाही. मैत्रिणींना सांगितलं होतं की मी काही माहेरासाठी झुरणाऱ्यातली नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते सासरीही दोन-तीनदा ऐकवलं. नागपंचमीला भावाला मुऱ्हाळी म्हणून पाठवतो, असा माहेरून निरोप आला. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारं माणूस. आत्याबाईंनी विचारलं, "जातीस का?" मी म्हटलं, "कशाला? मला करमतं की इथं." वाटलं, त्या म्हणतील, अगं जा, पहिली पंचमी आहे. त्या म्हणाल्या, "बरं." आणि भाकरी उलथली.

त्या दिवशी शेजारच्या सुना फेर धरून नाचत होत्या. मी पोत्यांच्या खोलीत जाऊन मांजरीला पोटाशी धरून पोटभर रडले. मला नदी आठवत होती. पुणतांब्याला दारातून निघालं की गोदावरी. इथं आडावर रांगेत उभं राहावं लागायचं आणि वर आलेल्या बादलीत निम्मा गाळ. पेरू आठवत होते, आईची हाक आठवत होती. घरात कुणी वाईट वागत होतं असं मुळीच नाही, वागलं असतं तर निदान सांगायला कारण झालं असतं. पण मी तोंडानं 'करमतं' म्हणून बसले होते, आणि आपलाच थुंका गिळायचा कसा ते मला अजूनही नीट जमत नाही.

गौरी गेल्यावर मला युक्ती सुचली. जेवताना मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "आत्याबाई, मांजरीला इथलं पाणी मानवत नाही. सुकली ती. चार दिवस तिला पुणतांब्याला हवापालटाला न्यायला पाहिजे."

मांजर शेजारीच पसरली होती. सासरी आल्यापासून आत्याबाई तिला दुधावरची साय घालत होत्या, त्यामुळं ती फुगून उशीएवढी झाली होती. धाकटा दीर हसायला लागला. मी म्हटलं, "ही सूज आहे."

आत्याबाईंनी मांजरीकडं बघितलंच नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. "व्हय गं," त्या म्हणाल्या. "लई सुकली. गालफाडं बसली पार. रातचं रडतीबी." मग सासऱ्यांकडं वळून म्हणाल्या, "कुणी राहुरीकडं माल घिऊन जाणार असंल तर पुणतांब्याला सांगावा धाडा. म्हणावं, मांजरीला मुऱ्हाळी पाठवा. आन् मांजर येकली कशी जाईल, ही जाईल संगं."

मला वाटलं, काय भोळी बाई आहे, कशी सहज फसली.

दादा आला. निघताना आत्याबाईंनी मांजरीसाठी म्हणून शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. त्या म्हणाल्या, "तिचं मन भरंस्तोवर राहू दे. घाई न्हाई."

ते लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून नगरची मोटार कोळशावर चालायची. तिच्या पाठीला एक भट्टी जोडलेली असे आणि उतारूंची तोंडं नगर येईतो काळी होत. ड्रायव्हरनं टोपलीतला आवाज ऐकला आणि हात आडवा केला. "मांजर आडवी गेली तर मी गाडी थांबवितो. हितं तर ती आतच बसनार."

दादा म्हणाला, "अहो, आडवी कुठं जाती? आपल्याबरोबर सरळच चाललीय की."

ड्रायव्हरनं विचार केला. "तेबी खरं हाय," म्हणाला आणि आम्हाला मागं भट्टीजवळ बसवलं. वाटेतल्या चढाला मोटार थांबली. ती रोजच थांबायची, पण त्या दिवशी सगळ्यांनी माझ्या टोपलीकडं बघितलं. उतारू उतरून ढकलायला लागले. मी नवी नवरी, पण नजरा सोसवेनात, म्हणून टोपली कडेवर घेऊन मीही एका हातानं ढकलू लागले. मोटार चढ चढली ती माझ्यामुळं असं मला बराच काळ वाटत होतं.

नगरला आगगाडी. मांजरीला तिकीट लागतं का, हे दादानं कुणाला विचारलं नाही, कारण त्याच्या मते विचारलं की लागतं. तो शेजारच्या डब्यात बसला आणि मला बायकांच्या डब्यात बसवून म्हणाला, "गप ठेव तिला." गाडी हलली आणि मांजर ओरडली. मी पटकन खोकले. ती पुन्हा ओरडली, मी पुन्हा खोकले. राहुरी येईपर्यंत मी खोकून खोकून लाल झाले. समोरच्या म्हातारीनं आधी मला खडीसाखर दिली, मग पदर नाकाला लावला, मग मुलाबाळांना घेऊन पलीकडं सरकली. थोड्या वेळात अख्ख्या बाकावर मी आणि टोपली. स्टेशनावर दादा खिडकीशी आला तशी म्हातारी त्याला म्हणाली, "लेकरा, भैनीला दवाखान्यात ने. छातीचं दिसतंय." मी मान खाली घातली. मांजर तेवढ्यापुरती गप्प बसली होती.

पुणतांब्याला उतरताना माझ्या मनात चित्र पक्कं होतं. मांजर टोपलीतून उडी मारणार, आपलं घर ओळखणार, ओट्यावर लोळणार, आणि मी सगळ्यांना म्हणणार, बघा, किती तळमळत होती. मी अंगणात टोपली उघडली. मांजरीनं डोकं वर काढलं, माझ्या आईकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं आणि पुन्हा आत बसली. फडकं तिनं नखानं ओढून घेतलं असंही मला वाटलं. दूध ठेवलं, तिनं हुंगलं. वर साय नव्हती. आत्या हिवतापातून उठली होती. ती म्हणाली, "अगं, मांजर घराला लागतं. हिचं घर आता ते." मी म्हटलं, प्रवासानं शिणलीय.

मी मात्र मनसोक्त राहिले. नदीवर गेले, पेरू खाल्ले, आईच्या अंथरुणात झोपले. आणि मग एक दिवस लक्षात आलं की मी येता-जाता 'आमच्याकडं' म्हणते. आमच्याकडं भाकरी पातळ करतात, आमच्याकडं आमटीला काळा मसाला घालतात. आई ऐकून घ्यायची. माझ्या खुंटीवर आता दादाचा सदरा होता, माझ्या कोपऱ्यात कांदे पसरले होते. कांदे मी एकदा उचलले. संध्याकाळी ते पुन्हा तिथंच.

पंधरवडा गेला. दसरा तोंडावर आला. मिरजगावहून कुणी आलं नाही. नदीवर धुणं धुताना बायका विचारायला लागल्या, "नांदायला कधी जायचं गं?" मी सांगायचे, मांजरीची तब्येत अजून बरी नाही. त्या एकमेकींकडं बघायच्या. लग्नाला सहा महिने झालेली पोर माहेरी आलीय, बरोबर मांजर घेऊन आलीय, आणि न्यायला कुणी येत नाही, याचा अर्थ आमच्या भागात एकच होतो. नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईला मी ओळखत होते. ती आमच्याच घाटावर, सगळ्या धुऊन गेल्यावर धुवायला यायची.

मला खरोखर भीती वाटायला लागली. आत्याबाईंचं 'घाई न्हाई' मला आता वेगळं ऐकू यायला लागलं. घाई नाही म्हणजे आली नाहीस तरी चालेल असं तर नसेल? मी आपणहून सांगावा धाडू शकले असते की मला न्या. पण 'करमतं' म्हणून बसलेल्या मुलीनं आता 'करमत नाही' कुठल्या तोंडानं म्हणायचं, आणि तेही माहेरी. मी टोपलीजवळ बसून मांजरीला म्हणायचे, तुझ्यामुळं झालं सगळं. ती डोळे मिटून घ्यायची.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस नवरा आला. लाजरा माणूस, चार लोकांत माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. आईनं पाणी दिलं, गूळ दिला. तो बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत राहिला. मी दाराआड उभी होते. सोडचिठ्ठीपासून सासऱ्यांच्या आजारापर्यंत सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

शेवटी तो म्हणाला, "आईनं सांगितलंय, घरात उंदीर लई झालेत. मांजरीला घिऊन ये."

दादाला राहवेना. तो म्हणाला, "पाव्हणं, ही मांजर उंदराला भिती."

"ते आईला ठावं हाय," नवरा म्हणाला आणि पुन्हा टोपीकडं बघायला लागला.

गौरीनंतरच्या त्या जेवणापासूनचं सगळं मला एकदम उमगलं, आणि भोळं कोण होतं तेही उमगलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही. मग आत जाऊन टोपली आणली. ती उघडून मांजरीला आत बसवायचं कारणच नव्हतं, मांजर आधीपासून आतच होती.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात भरपूर गर्दी होती. गाडी हलली आणि मांजर ओरडली. शेजारच्या बाईनं टोपलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खोकले नाही.

"मांजर आहे," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंना हिच्याशिवाय करमत नाही."