लेकीची वार

आमच्या लॅबमध्ये ताजी वार आली की हातातला चहा जिथल्या तिथे ठेवावा लागतो. वार म्हणजे बाळंतपणात बाळामागून बाहेर पडते ती, डॉक्टरी भाषेत प्लासेंटा. तिचे तुकडे झटपट धुऊन, कापून गुलाबी द्रावणात पडले नाहीत तर पेशी रुसतात, आणि एकदा रुसलेल्या पेशींची समजूत काढायची सोय नाही. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आल्यापासून असे किती चहा मी गार केले कोण जाणे. नवरा आयटीत असल्यामुळे त्याचा चहा कधीच गार होत नाही. तो म्हणतो, "एवढी शिकलीस आणि शेवटी काय वेचतेस, तर कचरा."

त्याचं अगदीच खोटं नाही. वारेवर पेशींचं एक पातळ आवरण असतं. त्यातून जुने कण सुटून आईच्या रक्तात जातात. हे प्रत्येक गरोदरपणात होतं, आणि बाईचं शरीर तो कचरा मुकाट्याने झाडून टाकतं, जशी ती बाकीच्यांचाही झाडत असते. पण काही जणींच्या बाबतीत ते आवरणच आजारी पडतं. मग भलताच कचरा सुटायला लागतो आणि तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला झोंबतो. रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं दमतात, झटकेही येऊ शकतात. याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. औषधांनी रक्तदाब काही काळ दाबून ठेवता येतो, पण खरा उपाय आजही एकच: बाळ आणि वार बाहेर काढणं, मग दिवस भरलेले असोत की नसोत. ते आवरण मुळात आजारी का पडतं, पेशीच्या आत नेमकं काय बिनसतं, हे आम्ही शोधतो. सापडलंय असं मी म्हणणार नाही. चार पावलं पुढे आलोय एवढं खरं.

यासाठी वार लागते, आणि ती मागावी लागते. आमच्या प्रकल्पाची एक मिडवाइफ आहे. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, उंचीपुरी, खळखळून हसणारी, आणि कुणीही भेटलं की आधी "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणणारी बाई. बायकांशी बोलायचं काम तिचं आणि तिच्या शेजारी बर्फाचा डबा घेऊन उभं राहायचं काम माझं. इथे वार मागणं म्हणजे जुनं वर्तमानपत्र मागण्याइतकं सोपं नाही. माओरी घरांत ती मातीत परत जायलाच हवी असते, आणि आता कितीतरी गोरी माणसंही ती घरी नेतात, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून, आणि वर झाड लावतात. आम्ही अंगठ्याएवढे तुकडे घेतो आणि बाकीची परत देतो. कुणी म्हणालं की तुकडेही काम झाल्यावर परत हवेत, तर तेही देतो.

हे सगळं मी एकदा फोनवर आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आई पिंपरीला असते, माहेर तिचं साताऱ्याकडचं. ती म्हणाली, "त्यात काय नवल? आमच्याकडं परसात खोल खड्डा करून पुरायचे. वर दगड ठेवायचा, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. तुझी तेवढी दवाखान्याच्या बादलीत गेली. म्हणून तर तुझा पाय कुठं टिकला नाही." मी हसले. आई मात्र अजिबात हसली नाही.

पुढे मलाच दिवस गेले. लॅबमध्ये सगळ्यांनी मिळून केक आणला, आणि कुणीतरी हळूच विचारून घेतलं की आता वार धुताना मला मळमळेल का. मी म्हटलं, तुमच्या कॉफीनेच जास्त मळमळतं. आई बाळंतपणाच्या महिनाभर आधी येणार होती. तिकीट काढून झालं होतं, डिंकाच्या लाडवांवरून कस्टम्सवाले अडवतील का यावर नवऱ्याचं आणि तिचं आठवडाभर खलबत चाललं होतं.

आठवा महिना लागला आणि माझी अंगठी निघेना. मी उकाड्याला दोष दिला, मग लोणच्याला दिला. डोकं दुखत होतं त्याचा कॉम्प्युटरला दिला. नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा माझ्या मिडवाइफने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली आणि पुन्हा भरली. आकडा मला दिसत होता. त्याचा अर्थ तिने सांगायची गरज नव्हती. अर्धवट ज्ञान वाईट म्हणतात, पण पुरतं ज्ञान त्याहून वाईट असतं. माझ्या आत काय सुटतंय, कुठे झोंबतंय, ते मी सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं पाहत आले होते.

त्याच दुपारी मला दाखल करून घेतलं, माझ्याच लॅबच्या वरच्या मजल्यावर. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून मॅग्नेशियम सुरू केलं, ते आत शिरताना अंगातून गरम पाणी फिरतंय असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांचा गुण यायला जेवढा वेळ थांबता येईल तेवढा थांबू, मग बाळ काढू. नवरा कोपऱ्यात बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. मी खेकसले, "ते बंद कर आधी. त्यातलं निम्मं चूक असेल आणि निम्मं मी लिहिलेलं असेल." तो हसला आणि मग एकदम रडला. त्याच्याबरोबर मीही रडले. मी फार घाबरले होते. मूल जगेल ना, एवढा एकच प्रश्न होता.

तेवढ्यात आमची प्रकल्पाची मिडवाइफ आली. रिकाम्या हाताने आली. माझ्या पलंगावर टेकली, माझे सुजलेले पाय चेपायला लागली आणि हवापाण्याचं बोलत राहिली. मी वाट पाहिली, पाहिली, आणि चिडले.

"फॉर्म कुठंय?" मी विचारलं.

"तुला कुणी विचारायचं नाही असं ठरलंय," ती म्हणाली. "तू आमच्यातली. तुला नाही म्हणणं जड जाईल."

"मग मीच विचारते. माझ्यासारखी केस तुम्हाला महिनाभर मिळालेली नाही. मला माहीत नाही का?"

"ही केस नाही, माय डिअर. हे तुझं बाळ आहे."

"फॉर्म आण," मी म्हटलं.

तिने आणला. मला तो पाठ होता, त्यातली दोन वाक्यं तर मीच सुधारली होती. सही करायला पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. बाळ अजून जन्माला यायचं होतं, जगणार की नाही ठाऊक नव्हतं, आणि मी त्याच्या सामानाची वाटणी करत होते. काही वेडंवाकडं झालं तर त्याचं एवढंच आपल्याजवळ उरेल, असंही मनात येऊन गेलं. मिडवाइफ माझे पाय चेपत राहिली.

आणि मग मला त्या सगळ्या बायका आठवल्या. एकीने उलटीचं भांडं एका हातात धरून दुसऱ्या हाताने सही केली होती. एक जण नवऱ्याचा हात इतका घट्ट धरून होती की सहीपुरता सोडताना तिने आधी त्याची परवानगी घेतली. एक कोवळी पोर "स्वीट ॲज", म्हणजे चालेल की, असं म्हणाली होती, आणि वर मलाच "गुड लक हं" म्हणाली होती. याच खाटांवर, याच आकड्यांखाली, हाच प्रश्न छातीवर घेऊन त्यांनी होकार दिला होता. मी डबा धरून उभी असायचे आणि मनात म्हणायचे, चला, छान नमुना मिळाला. त्या काय देत होत्या ते मला त्या दुपारी कळलं. मला इतकं भरून आलं की मिडवाइफला वाटलं रक्तदाब चढला, आणि तिने घंटी वाजवली.

सही करण्याआधी मी आईला फोन लावला. ती तिकीट अलीकडचं करून घेण्याच्या गडबडीत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दे की थोडी. ज्यांनी ज्यांनी दिली त्यांच्यामुळंच या आजाराचं एवढं तरी कळलं ना? बाकीची ठेव मात्र. मी येते पुरायला."

मी सही केली. तुकडे लॅबला, बाकीची आम्हाला परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक झाली. ती लगेच रडली नाही. मग रडली, जुन्या कपाटाचं दार करकरावं तसं, आणि माझ्या आयुष्यात मी त्याहून सुरेल काही ऐकलेलं नाही. तिला माझ्या गालाला लावलं न लावलं तोच आत नेलं. नवरा तिच्यामागे धावला. मी टाके घालून घेत पडले होते आणि खाली लॅबमध्ये आता कुणीतरी चहा ठेवून उठलं असेल, असा विचार करून मला हसू येत होतं.

पुढचे काही आठवडे काचेच्या पेटीशी बसून गेले. त्या नर्सेसचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही. एक जण जाता-येता लेकीशी इतकं बोलायची की तिचा पहिला शब्द किवी उच्चारात येणार याची आम्हाला खात्री पटली. वजन वाढत गेलं, नळ्या कमी होत गेल्या. आई आली, तिच्या लाडवांना कुणी अडवलं नाही, आणि त्यातले निम्मे नर्सेसनी खाल्ले.

वारेचा डबा तोवर आमच्या फ्रीजरमध्ये होता. नवऱ्याने त्यावर मराठीत, इंग्रजीत आणि वर फुली मारून "उघडू नये" असं लिहिलं होतं. घर भाड्याचं. खड्डा करायचा म्हणून त्याने घरमालकिणीला रीतसर ईमेल लिहायला घेतली. ती त्याच्याने पुरी होईना, कारण कशासाठी खड्डा हे कसं लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी "फेहोआचं झाड लावायचं आहे" एवढंच लिहिलं; फेहोआ म्हणजे इथलं पेरूसारखं फळ. ती माउली म्हणाली, हवी तेवढी लावा.

लेक घरी आली त्या दिवशी आईने स्वतः उभं राहून खड्डा करून घेतला, अजून खोल, अजून खोल म्हणत. झाड लावून झालं आणि ती दगड शोधायला लागली.

"अगं, इथे मोकाट कुत्री नसतात," मी म्हटलं.

"मांजरं असतील," ती म्हणाली, आणि कुंपणाजवळचा एक चपटा दगड उचलून आणला.

नवरा म्हणाला, "आई, उद्या हे घर सोडावं लागलं तर?"

"घर सोडाल. जमीन कुठं चाललीय?" असं म्हणून ती हात धुवायला गेली.

लेक पाळणाघरात रमली तशी मी कामावर परतले. पहिल्याच आठवड्यात मिडवाइफ खाली आली आणि माझ्याजवळ येऊन हळू बोलली. आदल्या दिवशी एका बाईचं बाळ गेलं होतं. आजार तोच. त्या बाईने आपण होऊन वार दिली होती, आणि आता तिला एक विचारायचं होतं: तुकड्यांचं आम्ही काय करतो ते बघता येईल का?

आमच्याकडे असं कधी कुणी आलं नव्हतं. बॉसने होकार दिला. मी खुर्ची पुसली, प्लेट काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि फोकस पुन्हा पुन्हा नीट केला. ती व्हीलचेअरवरून आली. माझ्यापेक्षा लहान होती.

"जिवंत आहेत या?" तिने विचारलं.

"हो. इथे काही दिवस राहतील."

"माझ्याच ना?"

हे मला विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावं लागतं, आणि दरवर्षी मी ते एका दमात सांगून टाकते. त्या दिवशी मला दम घ्यावा लागला. "नाही," मी म्हटलं. "वार आईची नसते. ती बाळ स्वतः बनवतं. या तुमच्या बाळाच्या पेशी आहेत."

तिने डोळे भिंगाला लावले आणि खूप वेळ काढले नाहीत. मग भिंगातच बघत अगदी हळू म्हणाली, "किया ओरा, बेबी."

मिडवाइफ माझ्या मागे उभी होती, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. ती बाई डोळे पुसून मागे वळली आणि मला थँक यू म्हणाली. मला! मी तिला म्हटलं, आभार तुम्ही नाही, मी मानायला हवेत. याच आजारात माझं बाळ लवकर काढावं लागलं होतं. तिने लगेच विचारलं, "आणि ते?"

खोटं बोलता आलं असतं तर मी बोलले असते. "ठीक आहे," मी म्हटलं. "मुलगी आहे. आता रांगते."

ती बाई हसली. खरंच हसली. "घरी गेलीस की माझ्याकडून तिचा एक पापा घे," ती म्हणाली.

त्या दिवशी मी काम लवकर उरकून पाळणाघरात गेले. लेक तोंडाला केळं फासून बसली होती. मी तिला उचललं आणि दोन पापे घेतले. पहिला त्या बाईचा होता.