ठेंगण्या चाकांवरून किन्हवली

भिवंडीहून किन्हवलीला मोटारीने जायचा विचार असेल, तर आधी मोटारीची चाकं बघा. आमच्या मोटारीची मी बघितली होती, पण नुसती शोभेच्या नजरेने.

आमची मोटार जुनी, एकवीस इंची चाकांची. आत चढताना लुगडं सावरता सावरता पुरेवाट व्हायची, आणि आळीतल्या बायका विचारायच्या, "शिडी आनू का गो?" शेवटी मी यांच्या मागे टुमणं लावलं. हे म्हणाले, "अगं, उंच चाक खड्ड्यावरून जातं, ठेंगणं खड्ड्यात जातं." पण माझ्या तोंडापुढे कोण टिकणार? मुंबईच्या एका गॅरेजात सोळा इंची, रुंद टायरांची चाकं बसली आणि मोटार नव्या नवरीसारखी खाली मान घालून दारात उभी राहिली. आळीतली शिडीची थट्टा बंद झाली.

पौषात माझ्या नणंदेला, चंपाला, पहिल्या बाळंतपणासाठी किन्हवलीहून माहेरी आणायचं ठरलं. तिला सातवा लागला होता. "आम्ही गाडी घेऊन येतो, तुमची जोडू नका," असा निरोप मीच तोऱ्यात धाडला.

सकाळी निघालो. शहापूरपर्यंत आग्रा रोड पक्का आहे, आणि खरं तेच सांगते, तिथे ही चाकं छान चालली. पूर्वी वळणावर मोटार झुलायची, आता रस्त्याला धरून वळत होती. बारीक खडी तर कळतही नव्हती. पडघ्याला चहा बरा मिळतो, भजी टाळा. पेट्रोलचा जादा डबा घरूनच घ्या. "बघा, उगाच घाबरवत होतात," मी यांना ऐकवलं. हे नुसते हसले.

शहापूर सुटलं आणि चाकोरी सुरू झाली. पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेली, आता वाळून दगड झालेली. बैलगाडीचं चाक छातीएवढं, त्याला ती वाटच. आमचं चाक मात्र प्रत्येक खळग्यात तळापर्यंत उतरायचं, दणका थेट पाठीच्या कण्यात यायचा आणि स्टिअरिंग यांच्या हातातून हिसका मारायचं. एका ओहळाच्या चढावर मोटारीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली.

म्हसा गावच्या जत्रेला बैलजोडी विकायला निघालेला एक शेतकरी थांबला. वाकून खाली बघत म्हणाला, "पांगुळगाड्याची चाकं लावली का काय, शेट?" मग त्यानेच दोर बांधला. मोटार सुटली, पण खाली काहीतरी दुखावलं होतं. इंजिन चालूच होईना. "किन्हवलीपातूर वढून नेतो. आमची वाट तीच हाय," तो म्हणाला.

तर अशी आमची मोटार बैलांमागून किन्हवलीत शिरली. मी आत पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. चंपाच्या सासूबाई अंगणात उभ्या होत्या, शेजारी पेंढ्याची पेंडी आणि पाण्याचं घमेलं. माझ्या निरोपातली गाडी त्यांनी बैलगाडी समजली होती. त्यांनी शांतपणे पेंडी सोडून बैलांपुढे टाकली. "तुमच्या बैलांसाठी पेंढा काढून ठेवला व्हता. वाया नाय गेला." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

जेवायला तांदळाची भाकर आणि वालाचं बिरडं होतं. एवढ्यासाठी तरी किन्हवली गाठावी, पण त्या दिवशी मी पदराआडून कसंबसं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी यांनी खटपट करून इंजिन चालू केलं. चंपा माझ्याशेजारी बसली. मागोमाग सासूबाईंनी आपली बैलगाडीही धाडली, म्हणे शहापूरला तांदूळ पोचवायचाय. तिच्यात पोतं एकही नव्हतं. हातभर पेंढा, वर गोधडी.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"झ्याक हाय गो वहिनी."

पण तिचा एक हात पोटाखाली होता, दुसऱ्याने तिने सीट घट्ट धरली होती. दणका बसला की ती माझ्याकडे बघून हसायची. पोटातलं बाळ सांभाळता सांभाळता ती माझी अब्रूही सांभाळत होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"थांबवा," मी यांना म्हटलं.

आम्ही दोघी बैलगाडीत बसलो. तिला स्प्रिंगा नाहीत, पण ते उंच चाक खळग्यात जेमतेम टेकायचं आणि सावकाश वर यायचं. ओहळ यायच्या आत चंपाला झोप लागली. हे रिकामी मोटार घेऊन मागून येत होते. 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. शहापूरला पक्क्या रस्त्यावर आम्ही पुन्हा मोटारीत बसलो.

भिवंडीत दाराशी आळी जमली. "परवास कसा झाला गो, चंपे?"

"गाडीतून आले," चंपा म्हणाली. "पोटातलं पानी हाललं नाय."

सगळ्या आमच्या चाकांकडे कौतुकाने बघू लागल्या. शिडीवरून चिडवण्यात पहिली असणारी शेजारीण पुढे झाली. "आमच्या यमूला पन आनायची हाय गो, मुरबाडवरनं. पयलीच खेप. तुमचीच गाडी दे."

भाकरतुकडा ओवाळताना माझा हात थांबला. चंपा खाली बघत होती. गप्प राहिले असते तर माझी शान तशीच राहिली असती.

"देईन," मी म्हटलं, "पण जुनी चाकं चढवून. शहापूरपर्यंत चंपा आली ती बैलगाडीतून." मान काही वर होईना. "आणि शिडी तेवढी तुमी आना."