पाच थेंब देवाचे

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. आई गेल्यावर तिने मला मेंढरांमागे न धाडता जिंतूरच्या शाळेत घातले आणि आमच्या बोरी गावाहून येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीबरोबर भाकऱ्या धाडल्या. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी. निकाल सांगायला गेलो तेव्हा तिने विचारले, "आता अजून किती वर्सं शिकायचं हाय?" संपले म्हटल्यावर ती जरा खट्टू झाली.

निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षे होती. मी परभणीच्या एका शाळेत उर्दूतून विज्ञान शिकवत होतो. एके दिवशी आत्याचा धाकटा दीर तिला गाडीतून घेऊन आला. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. दोन पायऱ्या चढली आणि भिंतीला धरून उभी राहिली. "छातीत कोंबडं फडफडायलंय बाबा," म्हणाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा हात धरला आणि सोडला. बाजारात एडका घेताना आमची माणसे त्याला याहून जास्त वेळ चाचपतात. छातीला नळी लावली तीही लुगड्यावरूनच. एक बाटली दिली. "दिल कमज़ोर है. दस क़तरे सुबह, दस शाम."

मी विचारले, झाले काय आहे?

"आप मास्टर हैं, बच्चों को पढ़ाइए."

मी बाटली उचलली. पदवीधर माणूस दुसऱ्या पदवीधरासमोर किती लाचार होऊ शकतो, ते मला त्या दिवशी कळले.

थेंबांनी मात्र काम केले. आठवड्यात सूज उतरली, आत्या पुन्हा मेंढरांना पाणी पाजू लागली. मग तीनेक आठवड्यांनी गावाकडून निरोप आला: आत्याच्या अंगात देव आलाय, दर्शनाला ये.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात वीस-पंचवीस माणसे बसली होती. आत्या भिंतीला टेकून होती, शेजारी तिची सून ओकारीचे घमेले धरून. तिला शब्द काढवत नव्हता आणि लोक रांगेने तिच्या पायांवर डोकी ठेवत होते. ती हाताने त्यांना दूर सारत होती. त्यालाही ते आशीर्वाद समजत होते.

"समदं पिवळं दिसायलंय," ती कशीबशी मला म्हणाली. "दूध पिवळं, भित पिवळी. तुझा सदरा बी."

"खंडोबानं भंडारा उधळलाय वैनीच्या डोळ्यांत!" दीर उभा राहून ओरडला. तो खंडोबाचा भक्त. कपाळभर हळद, गळ्यात कवड्यांची माळ. इतकी वर्षे त्याला गावात कोणी विचारत नव्हते. आता नारळ त्याच्याच पुढ्यात फुटत होते.

मी आत्याची नाडी मोजली. मिनिटाला चाळीसही भरेना. मी बाटली मागितली. ती देव्हाऱ्यात होती, बुचाला हळद लावलेली.

"किती थेंब देता?"

"धा डाक्टरचे, पाच देवाचे. ऐतवारी देवाचे बी धा."

"देवाचे कोण पितं?"

"आता देव थेंब पितो व्हय, मास्तर? परसाद असतो त्यो. वैनीच पिती."

काहीही घरात आले की त्यात देवाचा वाटा काढायचा आणि मग तो आपणच खायचा, ही आमच्याकडची रीत. गुळाला ठीक आहे, पुरणाला ठीक आहे. मला त्या माणसाची किळस आली. बाई ओकत होती, अन्नाकडे पाहवत नव्हते, आणि हा तिच्या प्रत्येक ओकारीला साक्षात्कार म्हणत होता. रांगेतल्यांची किळस तर त्याहून जास्त आली. त्यांत तिचे दूध पिऊन वाढलेलेही होते.

मी बाटली खिशात घालून परभणीला आलो. डॉक्टर सगळे ऐकून हसले. "जाहिलों को कितना समझाएँ?" मी म्हणालो, एकदा तरी समझाइए. तेव्हा कुठे त्यांनी पेन्सिल उचलली. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरतात, म्हणून नाडी वेडीवाकडी पडते. या दुखण्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थेंब एका झाडाच्या पानांचा अर्क आहेत. ते थरथर थांबवत नाहीत, खालच्या कप्प्यांची धावपळ कमी करतात. जास्त झाले तर ओकारी, पिवळी नजर, आणि शेवटी हृदयच थांबते. सांगायला पाच मिनिटे लागली. ती पहिल्याच दिवशी दिली असती तर त्यांचे काय गेले असते?

आठ दिवस थेंब बंद ठेवल्यावर पिवळेपण गेले. दिराने जाहीर केले की मास्तरच्या विटाळाने देव उठून गेला. थेंबांचे मग कोणी नावही काढेना. थोड्याच दिवसांत आत्याचे पाय पुन्हा सुजले, आडवे झाले की दम कोंडू लागला. तिने माणूस धाडून विचारले: थेंब घेऊ का नको? शाळेत परीक्षा होत्या, मला रजा मिळेना. मी त्याच माणसाजवळ बाटली, माझे घड्याळ आणि हे पत्र दिले. गावात वाचता येणारा एक पटवारीच होता. तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार, हे मला ठाऊक होते.

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

थेंब घे. आजपासूनच घे. पण डॉक्टरांना पुन्हा विचारून सांगतो तेवढेच: सकाळी पाच, संध्याकाळी पाच. देवाचा एकही नाही. बाटली देव्हाऱ्यात ठेवू नको, तुझ्या उशाशी ठेव आणि तुझ्या हाताने मोज.

तुला झालंय ते असं. मेंढवाड्याच्या तोंडाशी शंभर मेंढरं एकदम रेटायला लागली तर कशी वेडीवाकडी बाहेर पडतात, तशी तुझी छाती चालते. थेंब म्हणजे दारात उभा राहिलेला माणूस. तो मेंढरांना शांत करत नाही, दार अरुंद करतो. फार अरुंद केलं तर एकही बाहेर येत नाही. तुला पिवळं दिसलं ते त्यामुळे. देव आला नव्हता.

रोज सकाळी थेंबांआधी सुनेला तुझ्या डाव्या छातीखाली हात ठेवू दे. घड्याळातला बारीक पळता काटा एक फेरी करीपर्यंत तिनं ठोके मोजावेत. तीन विसांहून कमी भरले, किंवा मळमळलं, किंवा पिवळं दिसलं, तर त्या दिवशी थेंब घेऊ नको आणि मला लगेच माणूस धाड. मी रजेची वाट पाहणार नाही.

भावजींना सांग, तुझ्या पायांवर कोणाला डोकं ठेवू द्यायचं नाही. पाय सुजलेत, दुखतात.

पटवारीसाहेबांकडून दोन ओळी लिहून घे. थेंब सुरू केले, एवढंच लिहिलं तरी पुरे.

तुझा
लेक