नानांनी चेटकिणीला विचारलेला प्रश्न

प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण कपाट उघडलं की सगळी अंगावर येते. आमच्या उलव्याच्या फ्लॅटमधले किस्से असेच जमलेत. कोणीही भेटलं की म्हणतं, "तो चेटकिणीचा किस्सा सांग ना!" आता त्यातला कुठला सांगू? तिच्यावरून आमच्याकडे रविवारच्या रविवार भांडणं झालीत.

आधी माणसं सांगतो. मी आणि माझा रूम पार्टनर संत्या, दोघंही कोरेगावकडचे, उरणला एका कंटेनर गोदामात कामाला. राहतो नानांच्या बिल्डिंगमध्ये, भाड्याने. नाना मूळचे इथलेच. आज जिथे आमची लिफ्ट आहे तिथे त्यांची भातशेती होती. त्यांची मुलगी प्रणाली तळोज्याला औषधांच्या कंपनीत आहे.

आणि पाचवी इझोरा. ती टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेममधली. गेमचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, आम्ही त्याला नुसतं 'राज्य' म्हणतो. त्यात आपण असतो सेनापती. राजाची धाकटी बहीण इझोरा ही चेटकीण. ती राजमुद्रा पळवते, आणि मुद्रेशिवाय राजाचं एकही फर्मान चालत नाही. शेवटी सेनापतीचं लग्न कोणाशी लावायचं ते आपण ठरवायचं. कारस्थानी इझोरा की साधीसरळ तिरंदाज ब्रेना? दोघी एकदम मिळत नाहीत. सगळा घोळ तिथेच आहे.

*

प्रणालीने जिन्यातून जाताना गेमचं म्युझिक ऐकलं आणि बेल वाजवली. "तुमच्याकडे राज्य आहे? माझं दोनदा खेळून झालंय!" पुढच्या रविवारी दुपारी तीनला ती हजर. तिच्या मागोमाग नाना, हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन.

बॅचलर भाडेकरूंच्या घरी पोरीला एकटं कसं सोडायचं? त्यांनी दार सताड उघडं ठेवलं, उंबऱ्यात खुर्ची टाकली आणि पेपर उघडला. तीन रविवार एक शब्द नाही. पेपरचं पान मात्र तीन-तीन तास तेच.

चौथ्या रविवारी पडद्यावर इझोराने सेनापतीपुढे पेला धरला. संत्या बटण दाबणार तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला, "नको पिऊ रं! हात बग तिचा, हात!"

संत्या दचकला, बटण दाबलं गेलं, सेनापती आडवा.

नानांनी पेपरची घडी घातली. "मी सांगत व्हतू," म्हणाले.

पुढच्या रविवारी खुर्ची टीव्हीसमोर आली. नानांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे प्रणाली प्रत्येक डायलॉग त्यांच्या बोलीत करून सांगायची. इझोरा "माजे वाटंला जाऊ नको" असं म्हणायला लागली आणि आम्हालाही ती जास्त आवडायला लागली.

*

संत्या तर पार कामातून गेला. इझोराचा फोटो त्याने मोबाइलच्या वॉलपेपरला लावला. गणपतीला गावी गेलो तेव्हा फोन चार्जिंगला होता आणि त्याच्या आईने तो बघितला. माउलीने चष्मा लावून पुन्हा बघितला. चार वर्षं ती पोरासाठी मुली बघतेय, तिला हर्ष झाला असणार.

"कुठली म्हणायची?"

"आई, ती तसली न्हाय. गेममधली हाय."

"नोकरीला हाय व्हय तिथं? असू दे. केस मोकळं सोडतीया, पर नाकीडोळी चांगली हाय. सैपाक येतो का?"

संत्या वैतागून म्हणाला, "आई, इष कालवती ती लोकांच्या जेवणात!"

आईने मान डोलावली. मग म्हणाली, "म्हंजी कालवण तरी येतंय."

*

आता एंडिंगची लढाई. प्रणाली ब्रेनाच्या पार्टीत, संत्या इझोराच्या. मी दोन्हीकडे मान डोलवायचो, कारण प्रणाली येताना सुका जवळा आणि भाकरी आणायची आणि संत्या रूमवर भांडी घासायचा. माणसाने उगाच कोणाशी वैर घेऊ नये.

प्रणालीने आधी तिचं एंडिंग दाखवलं. सेनापती आणि ब्रेना डोंगरात घर बांधतात आणि शेळ्या पाळतात. पडदा काळा. संत्या ओरडलाच, "ह्याच्यासाठी साठ तास घालवले? शेळ्या तर माझ्या घरी हायत!"

मग संत्याने त्याचं लावलं. लग्न एकदम थाटात! इझोरा हसली, टाळी वाजवली, आणि शिपायांनी नवरदेवाला उचलून तळघरात टाकला. प्रणाली हसून हसून सोफ्यावरून खाली आली.

संत्या जराही हलला नाही. "हसू नको. रोज भेटायला येते ती. मागं बॅकग्राउंडला बघ!"

*

या सगळ्यात नाना कोणाच्या बाजूने, तर इझोराच्या कडकडीत विरोधात. ती दिसली की हे पुटपुटणार, "हीच ती." मुद्रा पळवायचा सीन आला की खुर्चीतून उठून गॅलरीत जायचे. सीन संपल्यावर परत. एकदा तर म्हणाले, "सख्खी बहीन, आन भावाचा हात बांधून ठेवला. तिला कसली नवरी करतास रं?"

मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, गेममध्ये रंगलाय. पण एकदा जिन्यात प्रणालीने सांगितलं आणि माझं हसू गेलं.

आमच्या बिल्डिंगशेजारी एक रिकामा प्लॉट आहे. गवत, गंजलेल्या सळ्या, आणि कोणीतरी लावलेला पडवळाचा वेल. तो नानांच्या वडिलांच्या नावावरचा. त्यावर काही करायचं तर बहिणीची सही हवी. इकडे रीत अशी, की बहिणी हक्कसोडाच्या कागदावर सही करतात, भाऊ साडी नेसवतो, विषय संपतो. नानांनी नावड्याला बहिणीकडे कागद पाठवला. एका एजंटच्या हाताने. सोबत साडीही त्याच्याच हाताने. प्रणालीच्या या आत्याने साडी परत पाठवली. कागद परत आलाच नाही.

"चौदा वर्षं झाली," प्रणाली म्हणाली. "नाना तिचं नाव घेत नाहीत. 'ती बाय' म्हणतात. मला विचारशील तर सही दिली नाही तेच बरं केलं तिने. माणसाला एकदा विचारायचं तरी!"

आणि आता आत्याच्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक मुलगी, आणि तिला मामाही एकच. मुलीला मांडवात आणणार कोण? तिच्या पाठीशी उभं कोण राहणार? पत्रिका येऊन पडली होती. त्यात मामा म्हणून नानांचं नाव छापलेलं होतं. नानांनी पाकीट उघडलंच नव्हतं. त्यांच्या घरी टीव्हीच्या स्टँडवर, धूळ खात होतं. प्रणाली रोज ते पुसायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.

मला खरंच वाईट वाटलं. माझ्या बहिणीला मी त्या संध्याकाळी विनाकारण फोन केला. ती म्हणाली, "पैसे हवेत का?"

*

लग्नाच्या आधीचा रविवार. प्रणाली म्हणाली, "नाना, आज तुम्ही खेळा."

नानांनी गेमचा रिमोट दोन्ही हातांनी धरला, ताटातल्या गरम भाकरीसारखा. गेममध्ये गडाच्या दारात इझोरा एकटी सापडते, तिथे त्यांनी सेनापतीला धडकवत-धडकवत एकदाचा नेला. पडद्यावर चार पर्याय आले. प्रणालीने वाचून दाखवले: तलवार काढ. मुद्रा हिसकाव. निघून जा. आणि चौथा, 'तू हे का केलंस?'

चौथा आम्ही कोणीच कधी दाबला नव्हता. इंटरनेटवर साफ लिहिलंय, की त्यातून काहीही मिळत नाही, उगाच वेळ जातो.

नाना पडद्याकडे वाकले. "चौथा दाब," म्हणाले. मग त्यांना आठवलं की रिमोट आपल्याच हातात आहे.

इझोरा वळली आणि बोलली. प्रणाली भाषांतर करू लागली.

"ती बोलतं, मना राज्य नको व्हता. भावानं माज्याकरं मानूस धाडला. सोता आला नाय. मी दारान उबी व्हतू, वाट बगत. तो सोता आला असता, उंबऱ्यावर बसून पानी मांगला असता, तर मी मुद्रा त्याचे हातान दिली असती. बहिनीकरं कोन मानूस धाडतं?"

 नानांनी रिमोट टीपॉयवर ठेवला, खुर्ची न घेताच ते खाली गेले.

मी पडद्याकडे बघितलं. इझोराचं वाक्य अजून खाली लिहिलेलं होतं. इंग्रजीत, एकच ओळ. अर्थ एवढाच: 'माझी कारणं होती. वाट सोड.'

मी प्रणालीकडे बघितलं. ती गवारीच्या शेंगा मोडाव्यात इतक्या शांतपणे रिमोटची वायर गुंडाळत होती.

संत्या हळूच म्हणाला, "लेका, खरी चेटकीण तर आपल्या सोफ्यावर बसलीया."

*

आणि हा शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी. "गारी चालवतंस ना? नावड्याला जायाचा हाय."

गाडी चालवायला मी, संत्या उगाच, प्रणाली मागे. कामावर दोघांनीही आजारी असल्याचं कळवलं. वाटेत नाना संत्याला म्हणाले, "पर्याय सांग."

"कसले नाना?"

"दारान गेल्यावर काय बोलायचा त्याचे!"

संत्याने बिचाऱ्याने तीन पर्याय काढले. एक, लग्नाच्या शुभेच्छा. दोन, तब्येत कशी आहे. तीन, जवळच आलो होतो. नाना तिन्ही पुटपुटत राहिले. कळंबोलीच्या सिग्नलला म्हणाले, "तिसरा नको. खोटा हाय."

आत्याचं घर कॉलनीच्या मागच्या जुन्या गावात. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. आत्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. नानांसारखंच नाक, नानांसारखीच बसायची ढब. तिने वर बघितलं. सूप खाली ठेवलं नाही.

नाना पायरीशी थांबले.  संत्या माझ्या कानात कुजबुजला, "पहिला! पहिला दाबा नाना!"

नाना उंबऱ्यावर बसले. "पानी दे," म्हणाले. आणि मग एकदम, "सही का नाय दिलीस गं?"

आत्याने सूप खाली ठेवलं.

"कोनाला देऊ?" ती म्हणाली. "तुजे त्या मानसाला?"

ती उठून आत गेली. प्रणालीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दोन दिवस वळ होते. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. आत्या बाहेर आली ती एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात साड्यांच्या दुकानातली जुनी पिशवी घेऊन. पिशवीतून तिने घडी पडलेला, कडांना पिवळा झालेला स्टॅम्पपेपर काढला आणि नानांच्या मांडीवर ठेवला.

नाना खिशात चष्मा शोधायला लागले. तो घरीच राहिला होता. त्यांनी कागद माझ्याकडे दिला, "बग रं."

मी बघितलं. खाली सही होती, निळ्या शाईची, फिकट झालेली. शेजारी तारीख होती. चौदा वर्षांपूर्वीची.

"त्याच आटवड्यान केलती," आत्या म्हणाली. "आता ने. आन हलदीला मानूस धाडू नको, तू ये."