इनासची अखंड फळी

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातिवलीच्या माझ्या कारखान्यात त्याच्याच फळीला रंधा मारत होतो. फोन त्याच्या बायकोचा, लुसीवहिनींचा होता. वहिनी निवृत्त नर्स. कुणाचं दुखणंखुपणं सांगताना त्यांचा आवाज कधी हलत नाही, पण त्या दिवशी हलला. "भावजी, इनास गेले... चहा घेतला, केळीला पानी सोडायला गेले नि तिथंच खाली बसले." मला रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. त्यानंतर जो विचार मनात आला त्याची मात्र थोडी वाटते. समोर आठ फूट लांब आणि जवळजवळ चाळीस इंच रुंद अशी आंब्याची अखंड फळी पडली होती. माझ्या मनात आलं, आता हिचे तीन तुकडे होणार.

तीन का, ते सांगायला हवं. इनास वसईतल्या नंदाखालचा, मी शेजारच्या आगाशीचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि शिक्षाही बहुधा एकत्रच भोगायचो. पुढे त्याने सगळी नोकरी हापिसातल्या खुर्चीत काढली, मी सुतारकामात पडलो. नंदाखालला एकाच अंगणाभोवती तिघा भावांची तीन घरं. थोरला बावतीस, मधला इनास, धाकटा मार्शल. बावतीस आणि मार्शल कुठल्याशा बांधावरून एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि ते इतकी वर्षं चाललं होतं की मूळ बांध नेमका कुठला हे सांगताना दोघंही अडखळायचे. अंगणाच्या मधोमध त्यांच्या आजोबांनी लावलेला आंबा होता. तो वादळात आडवा झाला, तेव्हा लाकडाचे तीन वाटे करायचे यावर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं. इनास मध्ये पडला. "एकच फळी काढतो. एकच टेबल करू, नाताळचं जेवण सगळ्यांनी त्यावर. फळी अखंड निघाली नाय तर खुशाल तीन तुकडे करा." भावांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, एवढी रुंद फळी हा कशाने कापणार?

त्यांचं चुकलं नव्हतं. निवृत्तीनंतर इनासला चेनसॉचा, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या करवतीचा, नाद लागला होता. वसईत पडलेलं झाड म्हणजे सरपण, हे त्याला बघवायचं नाही. कुणाची चिंच पडली, कुणाचा फणस पडला की हा मशीन खांद्यावर टाकून हजर. बुंध्यावर शिडी आडवी बांधायची, मशीन एका चौकटीत बसवायचं आणि शिडीवरून सरकवत बुंधा उभा चिरत न्यायचा. पण त्याच्याकडचा बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पोलादी पट्टी, होता चोवीस इंची. आंबा होता चाळीस इंचांचा. मी म्हटलं, छत्तीस इंची घे, स्वस्तात मिळेल, बुंध्याचे दोन्ही गाल तासून टाकू. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्या आजोबांचेच गाल तासायला निघालो होतो. "आणि चौकट दोन्हीकडून बार धरते, त्यात पाच इंच जातात, ते कोन देनार? छत्तीसमध्ये उरले एकतीस. सुतार ना तू?" सुतार मीच होतो. हिशेब बरोबर त्याचा होता. त्याने अठ्ठेचाळीस इंची बार मागवला.

मग सुरू झाली चेनची शोधाशोध. बार लांब म्हणून इंजिनही मोठं हवं, नाहीतर ते निम्म्या बुंध्यात धापा टाकणार. ते त्याने एका ओळखीच्या ठेकेदाराकडून मागून आणलं. चेनच्या कड्या बारच्या खाचेत नेमक्या बसायला हव्यात, सैल झाल्या तर फळी नागमोडी निघते. फांद्या आडव्या कापणाऱ्या चेनचे दात तिरके घासलेले असतात. फळी उभी चिरायची तर ते जवळजवळ सरळ घासावे लागतात. शिवाय इतक्या लांब बारवर दात जरा विरळ हवेत, नाहीतर भुसा बाहेर पडायला जागा उरत नाही. हे सगळं तो मला आगाशीच्या बाजारात, मासळीच्या पिशव्या हातात धरून, अर्धा अर्धा तास समजावायचा. "तुमच्यात लग्नाला पत्रिका बघतात, आमच्यात नाय बघत. पण चेनची पत्रिका बघावीच लागते," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचा. आलेल्या चेनच्या कड्या त्याने जपमाळ ओढावी तशा एकेक बोटाखालून सरकवत मोजल्या, दोनदा. बारच्या टोकापर्यंत तेल पोचत नाही म्हणून त्याने वहिनींकडून सलाईनची नळी मागून घेतली आणि तेलाची बाटली चौकटीला उलटी टांगली. तेल थेंब थेंब पडायला लागलं तेव्हा वहिनी दारातून ओरडल्या, "पेशंट कसा हाय?"

कापायच्या दिवशी अंगणात अर्धं गाव जमलं होतं. दुसऱ्याच्या झाडावर करवत लावण्याआधी इनास लोहचुंबक फिरवून खिळा आहे का ते बघायचा, त्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. त्या दिवशी मी चुंबक पुढे केलं तर म्हणाला, "अरे, घरचं झाड हाय. मला ठाऊक नाय होय?" तीन फूट फळी लोण्यासारखी निघाली. मग कर्रर्र झालं आणि ठिणग्या उडाल्या. चेनचे एका बाजूचे दात साफ गेले. आत खिळा होता, आणि त्याच्यामागे आणखी होते. दर नाताळला आंब्यावर तारा टांगायचा म्हणून हे तिघे भाऊ लहानपणापासून खिळे ठोकत आले होते. जुना काढायचा कंटाळा, म्हणून दर वर्षी नवा. झाडाने सगळे गिळले होते. इनास डोक्याला हात लावून बुंध्यावर बसला. दुसरी चेन एकच होती, आणि तीही गेली असती तर वाटे ठरलेलेच होते.

तेव्हा बावतीस पुढे आला. खिळे ठोकणारा तोच असायचा. त्याने सालीवर बोट ठेवलं, "इथं एक. हितं वर एक." मार्शल मागून म्हणाला, "तो नाय, त्याच्या डावीकडं. दोरी मी धरायचो, मला ठाऊक." किती वर्षांनी एकाने दुसऱ्याला उत्तर दिलं होतं, आणि तेही चूक काढण्यासाठी. दोघं तावातावाने भांडत राहिले, मी पटाशीने उकरत राहिलो, आणि नऊ खिळे निघाले. उरलेली फळी दुसऱ्या चेनने अखंड उतरवली. इनासचा चेहरा भुशाने पिवळा झाला होता आणि त्यातून नुसते दात दिसत होते.

अडीच इंच जाडीची ओली फळी सुकायला वर्षं लागतात. ती माझ्याकडे पट्ट्यांवर पडून होती, आणि इनास महिन्यातून एकदा येऊन तिच्यावर हात फिरवून जायचा. तिकडे दोघा भावांचं बोलणं पुन्हा ओसरलं होतं. "टेबल होऊ दे," एवढंच तो म्हणायचा. आणि टेबल व्हायच्या आतच तो गेला.

महिन्याच्या मिस्सेआधी, म्हणजे महिना झाल्यावर त्याच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेआधी, मी ते पुरं केलं आणि टेम्पोत घालून नंदाखालला नेलं. तीन दारं, कुणापुढे थांबायचं ते कळेना, म्हणून अंगणाच्या मधोमध उतरवून घेतलं. आठ जण लागले. बावतीस घरातून बाहेर आला तो हातात टेप घेऊन. त्याने लांबी मोजली, मग रुंदी मोजली. हा वाटे पाडतोय, दुसरं काय? मी म्हणालो, "बावतीसभाऊ, इनासचा शब्द तरी..." त्याने मान वर केली. "कसला शब्द? इथंच राहायचं तर पावसात भिजेल ना. वर पत्रे किती लागतील ते बघतोय." पायरीवरून मार्शल म्हणाला, "पत्रे माझ्याकडं पडून हायेत. खांब तेवढे तू बघ." मी टेम्पोच्या मागे जाऊन नाक पुसून आलो.

आता अंगणात छप्पर आहे आणि रविवारी तिन्ही घरांचं जेवण त्याखाली होतं. मलाही बोलावतात. फळीला जवसाचं तेल लावा, ते वाळतं, असं मी कानीकपाळी ओरडून सांगितलं. ऐकतो कोण! हे लोक वाडीतल्या नारळाचं खोबरेल चोळतात, ते कधी वाळत नाही. गेल्या रविवारी बावतीस आणि मार्शल मोठमोठ्याने भांडत होते, आज तेल लावायची पाळी कुणाची यावरून. वहिनी शांतपणे ताटं मांडत होत्या. इनास हे ऐकायला हवा होता, याची फार फार चुटपुट लागली. घरी आलो तर बायको म्हणाली, "नंदाखालला जेवून आलात वाटतं?" शर्टाच्या दोन्ही कोपरांना तेलाचे डाग होते. ते साबणाने जात नाहीत. तो शर्ट मी आता रविवारसाठीच ठेवला आहे.