विषय क्रमांक नऊ

मिनिट्समध्ये जे लिहिता येत नाही, ते कुठे जातं? माझ्याकडे येतं. रायपूरबाहेरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी कंपनी सेक्रेटरी आहे. बावीस वर्षं बोर्डाच्या बैठकांचं कामकाज लिहितेय. कागदावर 'सखोल चर्चा झाली' एवढंच उरतं. बाकी सगळं घेऊन मी घरी जाते.

विषय क्रमांक नऊचंच बघा ना. शेडमधल्या क्रेनची वायर रोप, म्हणजे भार पेलणारा तारांचा दोर, बदलायची होती. या क्रेनवरून वितळलेलं लोखंड माणसांच्या डोक्यावरून जातं. माझा नवरा सुधाकर तिथे मेंटेनन्स इंजिनिअर होता. दर तिमाहीला त्याची नोट यायची : 'रोपच्या तारा तुटत आहेत. शेड दोन दिवस बंद ठेवून बदलावी.'

पण आठवा विषय संपेपर्यंत गोल बाजारातून कचोरी आलेली असायची. आमचे चेअरमन, सेठजी, फाइल मिटत म्हणायचे, "मैडम, नौ नंबर अगली बार."

एकदा मी तो विषय पहिला घेतला. सेठजी दचकले. "सुबह-सुबह टूटने-फूटने की बात? शुरुआत शुभ से करते हैं!"

विषय परत नववा झाला.

*

सेठजींच्या पत्नी, आमच्या भाभीजी, बोर्डावर आहेत, कारण कायद्यानं एक तरी बाई लागते. त्या सही करतात आणि घरी जातात. एकदा मात्र त्यांनी नोट वाचली. "ये टूटेगा, तो गिरेगा किस पर?"

बावीस वर्षांत त्या टेबलावर विचारलेला हा एकमेव नेमका प्रश्न!

"तुम साइन करो," सेठजी म्हणाले.

*

एक स्वतंत्र संचालक आहेत, निवृत्त मोठे अधिकारी. सेठजींच्या गाडीतून येतात, सेठजींच्या गाडीतून जातात. मधल्या वेळात स्वतंत्र असतात.

त्यांनी सुचवलं, "एक रिस्क कमेटी बना दीजिए." झाली. सभासद तेच, खोली तीच. कमिटीनं विषय बोर्डाकडे पाठवला, बोर्डानं अधिक अभ्यासासाठी कमिटीकडे परत पाठवला. दोन्ही बैठका एकाच सकाळी झाल्या. खुर्च्यासुद्धा कुणी बदलल्या नाहीत!

*

मग सेठजींचे चिरंजीव परदेशातून शिकून आले. सगळे त्यांना छोटे भैया म्हणतात. त्यांनी पडद्यावर रंगीत तक्ता लावला : मोठा धोका लाल, मधला पिवळा, नसलेला हिरवा. क्रेन लाल! मला वाटलं, चला, एकदाचं झालं.

"बेटा, बैंकवाले देखेंगे," सेठजी म्हणाले. "लाल अच्छा नहीं लगता."

जेवणानंतर क्रेन हिरवी झाली.

क्रेन चालवणारे मेश्राम भाऊ जिन्यात भेटले. "वहिनी, काय झालं मीटिंगमध्ये?"

"हिरवी केली."

"अन् रोप?"

"तीच आहे."

"मंग मले वर काहून पाठवून राहिले? ज्यायनं हिरवी केली, त्यायलेच चढवा ना!"

*

सुधाकर गेला तो दवाखान्यात, हृदयविकारानं. क्रेनचा त्यात काही संबंध नव्हता. बोर्डानं शोकप्रस्ताव केला. मसुदा मीच लिहिला, दुसरं कोण लिहिणार? सगळे दोन मिनिटं उभे राहिले. सेठजींचे डोळे खरंच भरून आले होते.

मग त्यांनी अजेंडा उलटला. "मैडम, नौ नंबर... अब नोट देनेवाले ही नहीं रहे. हटा दें?"

"राहू द्या, सर," मी मराठीतच म्हणाले.

तेव्हापासून दर तिमाहीला त्याची जुनी नोट मीच जोडते. सही त्याची, तारीख माझी.

*

परवा वार्षिक अहवालासाठी फोटो काढायचा होता. छोटे भैयांची कल्पना : बोर्ड शेडमध्ये, मागे भट्टी, वर क्रेन. सगळे जण पांढरी हेल्मेटं घालून उभे राहिले. मी फाइल घेऊन बाजूला.

"सर, थोड़ा और बीच में," फोटोग्राफर ओरडला. "क्रेन ठीक ऊपर चाहिए!"

वरून मेश्राम भाऊंचा आवाज आला, "वहिनी, आणू का डोक्यावर?"

वितळलेलं लोखंड वाहायची लॅडल, रिकामी, हलत हलत आली आणि थांबली. काहीतरी करकरलं. सेठजींनी वर पाहिलं. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

"मैडम," ते हळूच म्हणाले, "ये रस्सी... ठीक है ना?"

मी फाइल उघडली आणि मागच्या बैठकीचं वाचून दाखवलं : क्रेनच्या सुरक्षिततेबद्दल बोर्डानं पूर्ण समाधान व्यक्त केलं.

"आपके साइन हैं, सर."

भाभीजी सर्वांत आधी बाहेर पडल्या. स्वतंत्र संचालक दारात त्यांना गाठून पुढे गेले. फोटो लॉनवर निघाला, मागे झेंडू.

बैठक लगेच झाली. कचोरी थंड होत होती, तिकडे कुणी पाहिलं नाही. मी लिहिलं : 'विषय क्रमांक नऊ. शेड उद्यापासून दोन दिवस बंद. चर्चा झाली नाही. एकमताने मंजूर.'

खाली सुधाकरची नोट जोडली. या वेळी तारीखही त्याचीच ठेवली.